एकाच जागचं रोलर बेअरिंग पुन्हा पुन्हा जातं तेव्हा

एकाच शाफ्टवर दोन बेअरिंग, दोन्ही एकाच नंबरची, एकाच कंपनीची. एक वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं आणि दुसरं दर काही महिन्यांनी बदलावं लागतं. मेंटेनन्समध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला अशी एखादी जागा आलेली असते. मग पहिला संशय मालावर जातो. बेअरिंग डुप्लिकेट असेल, लॉट खराब असेल, या वेळी दुसऱ्या कंपनीचं मागवू. खोटा माल बाजारात येतो हे खरं आहे आणि त्याची खात्री करून घ्यावीच. पण माल खराब असता तर दोन्ही टोकांना कमी-जास्त तसाच अनुभव आला असता. बिघाड एकाच टोकाला चिकटून बसलाय, याचा अर्थ दोष त्या जागेत आहे किंवा तिथे बेअरिंग बसवण्याच्या पद्धतीत आहे. तो सापडेपर्यंत बेअरिंग कितीही चांगलं आणा, निकाल तोच लागणार.

फॅन, कन्व्हेयर, क्रशर अशा मशीनवर सर्वांत जास्त दिसतं ते प्लमर ब्लॉकमधलं (बेअरिंग धरणाऱ्या दोन भागांच्या हाउसिंगमधलं) स्फेरिकल रोलर बेअरिंग, म्हणजे रोलरच्या दोन ओळींचं, अडॅप्टर स्लीव्हवर (शाफ्टवर चढणाऱ्या निमुळत्या बाहीवर) बसवलेलं. म्हणून पुढचं बरंचसं त्याच्याबद्दल आहे. सरळ बोअरचं (आतलं भोक निमुळतं नसलेलं) बेअरिंग असेल तर काय वेगळं, तेही मध्ये येईल.

उतरवलेलं बेअरिंग आधी वाचा

जुनं बेअरिंग गॅसने कापून भंगारात टाकलं की निम्मा पुरावा गेला. काढण्याआधी आउटर रिंगवर (बाहेरची कडी; आतली ती इनर) वरची बाजू कुठली आणि मोटरकडची बाजू कुठली, हे मार्करने लिहा. आतलं थोडं ग्रीस डबीत काढून ठेवा. मग बेअरिंग धुवा, आउटर तिरका फिरवून रोलर बाहेर घ्या आणि चांगल्या उजेडात रेसवे, म्हणजे रोलर ज्यावर धावतात ते पृष्ठभाग, बघा.

इनर फिरतो आणि आउटर स्थिर, अशा नेहमीच्या मांडणीत निरोगी बेअरिंगच्या इनरवर रोलर फिरल्याचा पट्टा पूर्ण गोल असतो. आउटरवर तो फक्त भाराच्या बाजूला, म्हणजे बहुतेक वेळा खालच्या बाजूला, अर्ध्या वर्तुळापेक्षा कमी भागात दिसतो. यापेक्षा वेगळं काही दिसलं की तपासाची दिशा मिळते.

आउटरवरही पट्टा पूर्ण गोल उमटला असेल तर आतला क्लिअरन्स (रोलर आणि रिंगमधली फट) संपलेला होता. स्लीव्ह जास्त ओढली गेली, शाफ्टवरचं फिट गरजेपेक्षा टाइट होतं किंवा इनर आउटरपेक्षा फार गरम होत होता. पट्टा आउटरवर समोरासमोर दोन ठिकाणी गडद असेल तर हाउसिंगने बेअरिंगला चिमटा घेतला आहे, म्हणजे हाउसिंग अंडाकृती झालंय. दोन ओळींपैकी एकच ओळ झिजली आणि दुसरी जवळपास कोरी राहिली, तर बेअरिंगवर सतत एका बाजूने थ्रस्ट (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा रेटा) येत होता. इनरच्या बोअरमध्ये किंवा शाफ्टवर चकचकीत पट्टे आणि तांबूस-काळी गंजाची पूड दिसली, तर इनर शाफ्टवर सरकत होता. रोलरमधल्या अंतराइतक्याच अंतरावर खळगे दिसले तर एक शक्यता बसवताना ठोकल्याची आहे. दुसरी शक्यता अशी, की मशीन उभं असताना शेजारच्या मशीनच्या कंपनाने ते पडले. स्टँडबाय पंप आणि फॅनवर हे फार होतं. रेसवेवर धुण्याच्या फळीसारख्या बारीक समांतर रेघा असतील तर विजेचा करंट बेअरिंगमधून गेलाय. तिथे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि वेल्डिंगचं अर्थिंग तपासायचं, फिटिंगला दोष द्यायचा नाही.

एवढं बघायला अर्धा तास लागतो. ब्रेकडाऊनच्या घाईत तो अर्धा तास कोणी देत नाही, आणि पुढचा ब्रेकडाऊन तिथेच ठरतो.

फ्री टोक खरंच फ्री आहे का?

बाकी सगळं बरोबर असून बेअरिंग जातं, त्यातलं सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे फ्री टोक, शाफ्ट लांब झाला की बेअरिंगला सरकू देणारं टोक, खरंच फ्री नसणं. गरम हवेच्या एका फॅनवर हा प्रकार जवळून बघायला मिळाला. इम्पेलरच्या बाजूचं बेअरिंग सारखं जायचं. अलाइनमेंट बघून झालं होतं, बॅलन्सिंग झालं होतं, ग्रीस बदलून झालं होतं. उतरवलेल्या बेअरिंगवर एकच ओळ खाल्लेली होती, दुसऱ्या ओळीचे रोलर अजून नव्यासारखे. हाउसिंग उघडल्यावर दोन्ही प्लमर ब्लॉकमध्ये बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना फिक्सिंग रिंग (बेअरिंगला सरकू न देणाऱ्या कड्या) बसवलेल्या निघाल्या. म्हणजे दोन्ही टोकं फिक्स.

आता हिशोब बघा. स्टील दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. दोन बेअरिंगमधलं अंतर दोन मीटर असेल आणि चालू असताना शाफ्ट खालच्या फ्रेमपेक्षा ४० अंशांनी जास्त गरम होत असेल, तर शाफ्ट जवळजवळ एक मिलिमीटर लांब होतो. ही लांबी कुठेतरी जायला हवी. एका टोकाचं बेअरिंग हाउसिंगमध्ये सरकू शकलं नाही, तर सगळा रेटा रोलरच्या एका ओळीवर येतो. स्फेरिकल रोलर बेअरिंगच्या आयुष्याच्या हिशोबात थ्रस्टचं वजन मुळातच दुप्पट-तिप्पट धरतात. त्यात रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या १०/३ घाताने घटतं. भार दुप्पट झाला की आयुष्य साधारण दहावा हिस्सा उरतं. वर्षं चालायची ती महिन्यांवर का येतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.

त्यामुळे बसवण्याआधी ड्रॉइंगवर बघा, फिक्स टोक कुठलं आणि फ्री कुठलं. फिक्सिंग रिंग फक्त फिक्स टोकाला. फ्री टोकाला बेअरिंग हाउसिंगच्या सीटच्या मधोमध ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडे सरकायला जागा राहते. शाफ्ट एकाच दिशेने वाढणार हे नक्की माहीत असेल तर त्या बाजूला थोडी जास्त जागा सोडली तरी चालते. नव्या प्लमर ब्लॉकबरोबर पिशवीतून फिक्सिंग रिंग आल्या की त्या बसवायच्याच असतात असं धरून चालू नका.

फ्री टोकाच्या हाउसिंगचं बोअरही तपासा. १८० मिलिमीटरच्या आउटरला एच७ (भोकाच्या मापाची ठरलेली मर्यादा) म्हणजे बोअर १८०.००० ते १८०.०४० मध्ये हवं. आतल्या बाजूला आउटरने पाडलेली कड किंवा गंज असेल तर कागदावर फ्री असलेलं बेअरिंग प्रत्यक्षात अडकलेलंच राहतं. सिलिंड्रिकल रोलरच्या एनयू प्रकारात ही अडचण कमी, कारण त्याच्या इनरला कॉलर नसते आणि शाफ्ट रोलरच्या आतच सरकतो. पण त्या जागी कोणी एनजे किंवा एनयूपी बसवलं तर मापं जुळतात, बेअरिंग बसतंही, फक्त सरकण्याची सोय गेलेली असते, एनजेमध्ये एका दिशेने आणि एनयूपीमध्ये दोन्ही दिशांनी. स्टोअरमधून येणारा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायला हवा तो यासाठी.

शाफ्ट आणि हाउसिंग आधी, बेअरिंग नंतर

बेअरिंगचा खोका सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी शाफ्ट पुसून मायक्रोमीटरने मोजा, किमान दोन आडव्या छेदांवर आणि प्रत्येक ठिकाणी तीन-चार दिशांनी. शाफ्ट, बेअरिंग आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला असू द्या. उन्हातून आत आणलेला शाफ्ट लगेच मोजला तर माप फसवतं.

सरळ बोअरच्या बेअरिंगला शाफ्ट थेट बसतो, त्यामुळे तिथे मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) चूकही महाग पडते. १०० मिलिमीटरच्या शाफ्टला एम६ फिट सांगितलं असेल तर शाफ्ट १००.०१३ ते १००.०३५ मध्ये हवा. नेहमीच्या क्लासच्या बेअरिंगचं बोअर शून्य ते उणे २० मायक्रॉन असतं, म्हणजे पकड १३ ते ५५ मायक्रॉनपर्यंत येते. शाफ्ट १००.००० च्या खाली गेला असेल तर पकड जवळजवळ उरत नाही आणि इनर सरकायला लागतो. अडॅप्टर स्लीव्हच्या शाफ्टला व्यासाची सूट मोठी आहे. ९० मिलिमीटरच्या शाफ्टला एच९ (शाफ्टसाठीचा लहान लिपीतला एच) म्हणजे उणे ८७ मायक्रॉनपर्यंत चालतं. पण ही सूट फक्त व्यासाला आहे. शाफ्ट गोल आणि सरळ असायलाच हवा, त्यात सूट नाही.

झिजलेल्या शाफ्टवर सेंटर पंचचे ठोके मारून बेअरिंग बसवणं ताबडतोब बंद करा. बसवताना ते टाइट लागतं, कारण पंचाभोवती उचललेली टोकं बोअरला घासतात. पण पकड त्या टोकांपुरतीच असते. भाराखाली ती चेपली जातात आणि इनर आधीपेक्षा सैल फिरायला लागतो. स्लीव्हखाली पत्र्याची पट्टी घालण्याचंही तेच. शाफ्ट मेटल स्प्रे किंवा वेल्डिंगने भरून मापात ग्राइंड करा, नाहीतर शाफ्ट बदला. शटडाऊनमध्ये त्यासाठी वेळ मागावा लागतो आणि तो मागायला संकोच करू नये.

दोन भागांच्या हाउसिंगची टोपी तिच्याच बुडाची हवी. एकत्र जोडून मशिनिंग केलेली असल्याने ती अदलाबदल करून चालत नाही, आणि दोन्ही प्लमर ब्लॉक एकदम उघडले की टोप्या हमखास बदलतात. उघडण्याआधी जोडीवर खूण करा. टोपीखाली शिम (पातळ पत्रा) घालू नका. मग बुडाखालची बेसप्लेट बघा: रंगाचे थर, जुनी शिम, वेल्डिंगचे थेंब. सगळे बोल्ट कसून एक-एक सैल करा आणि त्या पायावर डायल गेज लावून बघा. पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला गेला तर बोल्ट कसताना हाउसिंग वाकतंय. आउटरवर समोरासमोर दिसणारे दोन गडद पट्टे इथूनच येतात.

क्लिअरन्स मोजल्याशिवाय स्लीव्ह ओढू नका

स्लीव्हवरचं बेअरिंग किती कसायचं हे लॉकनटवर किती जोर लागला यावरून ठरत नाही. नटच्या आट्यांवर तेल आहे की नाही, पाना किती लांब आहे, यावर तो जोर बदलतो. ठरवायचं ते क्लिअरन्स किती कमी झाला यावरून. हे काम सावकाश करण्याचं आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण घेऊ.

बेअरिंग २२२२० के सी३ (के म्हणजे टेपर, निमुळतं बोअर; सी३ म्हणजे नॉर्मलपेक्षा जास्त क्लिअरन्स). बोअर १०० मिलिमीटर, टेपर १:१२. या मापाच्या टेपर बोअरच्या सी३ बेअरिंगमध्ये बसवण्याआधीचा रेडियल क्लिअरन्स ०.११० ते ०.१४० मिलिमीटर असतो. बेअरिंग स्वच्छ टेबलावर उभं ठेवा. इनर खाली दाबून काही फेरे फिरवा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. आता सर्वांत वरच्या रोलर आणि आउटर यांच्यामध्ये फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचाची) पात घाला. पात रोलरच्या लांबीपेक्षा लांब हवी आणि रोलरच्या पूर्ण लांबीत गेली पाहिजे. पातळ पातीपासून सुरुवात करून एकेक पायरी वर चढा. हलक्या ओढीने सरकणारी शेवटची पात म्हणजे क्लिअरन्स. दोन्ही ओळींवर वेगळं मोजा आणि दोन्हीकडे सारखं येईपर्यंत इनर सरळ करून घ्या. समजा ०.१२० आलं. ते तिथेच कागदावर लिहा.

शाफ्ट आणि स्लीव्हचं बोअर पुसून कोरडं करा, स्लीव्हच्या बाहेरच्या टेपरला पातळ तेलाचा हात फिरवा. बेअरिंग चढवा, लॉकनट हाताने लावा. वॉशर अजून घालू नका, नाहीतर कसताना तो पिळवटतो. नटची चॅम्फरची (तिरकी कापलेल्या कडेची) बाजू बेअरिंगकडे. आता पान्याने थोडं थोडं कसत मोजत जा. शाफ्टवर आउटर लटकलेला असतो, त्यामुळे आता फट खालच्या बाजूला मोजायची. वर पात घालून बघितलं तर काहीच जात नाही आणि क्लिअरन्स संपला असं वाटतं. नव्या फिटरचा गोंधळ इथेच होतो.

८० ते १०० मिलिमीटर बोअरच्या बेअरिंगला क्लिअरन्स ०.०४५ ते ०.०६० ने कमी व्हायला हवा. आपल्या उदाहरणात ०.०७० उरलं की घट ०.०५० झाली, काम झालं. सी३ ला उरलेला क्लिअरन्स किमान ०.०५० हवा. नॉर्मल क्लिअरन्सचं बेअरिंग असेल तर किमान ०.०३५. क्लिअरन्स मोजणं शक्यच नसेल तर स्लीव्हवर बेअरिंग किती पुढे सरकलं ते मोजा. या मापाला ०.७ ते ०.९ मिलिमीटर पुरतं. पण ते अंतर सगळे भाग एकमेकांना घट्ट टेकल्यापासून मोजायचं असतं, आणि ते नेमकं कधी टेकले हे ओळखण्यात हात चुकतो. मोठ्या बेअरिंगला हायड्रॉलिक नट वापरा, तिथे टेकण्याचा दाब ठरलेला असतो.

मग नट काढून वॉशर घाला, नट पूर्वीच्या जागेपर्यंत पुन्हा कसा आणि वॉशरचा दात नटच्या खाचेत वाकवा. दात आणि खाच जुळत नसेल तर नट थोडा पुढे कसा, मागे कधीच फिरवू नका. शेवटी आउटर हाताने फिरवून आणि तिरका हलवून बघा. तो मोकळा हलायला हवा.

कमी ओढलेली स्लीव्ह जास्त ओढलेल्या स्लीव्हइतकीच वाईट. क्लिअरन्स भरपूर दिसतो, बेअरिंग छान फिरतं, आणि चालू झाल्यावर स्लीव्ह शाफ्टवर घसरते.

सरळ बोअर असेल तर गरम करा, ठोकू नका

इनरची पकड शाफ्टवर असेल तर बसवण्याचा जोर इनरवरच आला पाहिजे. आउटरवर ठोकलं की प्रत्येक ठोका रोलरमधून इनरपर्यंत जातो आणि रेसवेवर खळगे पाडतो. ते डोळ्यांना दिसणार नाहीत इतके उथळ असले तरी सोलवटणं तिथूनच सुरू होतं. लहान बेअरिंग योग्य फिटिंग टूलने थंड बसवता येतं. सत्तर-ऐंशी मिलिमीटरच्या वर गरमच करा.

इंडक्शन हीटरवर ११० अंश पुरतात. १०० मिलिमीटरचं बोअर ८० अंशांच्या वाढीने सुमारे ०.०९६ मिलिमीटर मोठं होतं, म्हणजे ५५ मायक्रॉनच्या पकडीवरूनही ते सहज सरकतं. १२५ च्या वर जाऊ नका. सीलबंद बेअरिंगला मर्यादा ८० अंश. तापमानाचा सेन्सर इनरवर लावा आणि शेवटी डीमॅग्नेटाइझ होऊ द्या, नाहीतर बेअरिंग लोखंडाची बारीक पूड ओढून घेतं. गॅसच्या ज्योतीने गरम केलेलं बेअरिंग एका जागी निळं पडतं आणि तिथली कडकपणाची हमी संपते. ते वापरू नका.

शाफ्टवर सरकवल्यावर बेअरिंग खांद्याला टेकवून ते घट्ट धरेपर्यंत दाबून ठेवा. इनर थंड होताना रुंदीतही आकसतो आणि सोडून दिलं तर खांद्यापासून मागे येतो. पूर्ण थंड झाल्यावर ०.०३ ची पात इनर आणि खांद्याच्या मध्ये घालून बघा. ती कुठेही जाता कामा नये. एकाच बाजूला गेली तर बेअरिंग तिरकं बसलंय. सगळीकडे गेली तर शाफ्टच्या कोपऱ्याची गोलाई बेअरिंगच्या चॅम्फरपेक्षा मोठी असू शकते, आणि ती मशिनिंगनेच दुरुस्त होते.

एनयू प्रकारात आउटर आणि रोलर इनरवर सरळ ढकलले की रोलरच्या कडा इनरवर ओरखडे पाडतात, रोलरच्या अंतराइतक्याच अंतरावर उभ्या रेघा. इनरला तेल लावा आणि शाफ्ट फिरवत फिरवत आत घ्या.

ग्रीस

नवं बेअरिंग डिझेलने धुऊ नका. त्यावरचं संरक्षक तेल नेहमीच्या ग्रीसबरोबर चालतं. फक्त बोअर आणि बाहेरचा व्यास पुसायचा. बेअरिंग ग्रीसने पूर्ण भरा, हाउसिंगची मोकळी जागा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्मीपर्यंत. हाउसिंग ठासून भरलं की ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. लिथियमच्या ग्रीसवर पॉलियुरियाचं ग्रीस मारू नका. न जमणारी दोन ग्रीसं एकत्र आली की पातळ होऊन वाहून जाऊ शकतात.

पुढच्या वेळी किती ग्रीस घालायचं तेही मोजून. बाजूने घालत असाल तर बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५ इतके ग्रॅम. २२२२० चा व्यास १८०, रुंदी ४६, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. आउटरच्या मधल्या खाचेतून घालत असाल तर ०.००२ ने गुणा, सुमारे १७ ग्रॅम. आपली ग्रीस गन एका दाबात किती ग्रॅम देते ते एकदा वजनकाट्यावर बघून ठेवा.

चालू केल्यावर

पहिल्या काही तासांत तापमान वाढतं, कारण ग्रीस आत पसरत असतं. मग ते उतरून एका आकड्यावर स्थिर होतं. एवढ्यावरून घाबरून वरून आणखी ग्रीस मारू नका. दर अर्ध्या तासाला दोन्ही टोकांचं तापमान लिहीत राहा. बघायचं ते एवढंच, की आलेख वळतोय की चढतच चाललाय. न थांबता चढत असेल, किंवा शंभर अंशांकडे निघाला असेल, तर मशीन बंद करा आणि क्लिअरन्स पुन्हा मोजा.

आणखी एक चिन्ह पहिल्या दिवसांत दिसतं: तापमान आणि कंपन हळूहळू चढतं, एकदम खाली येतं, पुन्हा चढतं. फ्री टोकाचं बेअरिंग हाउसिंगमध्ये अडकून अडकून सरकतंय, त्याची ही खूण आहे. तसं दिसलं तर फिक्स टोकाला हात लावू नका. फ्री टोकाची टोपी उघडा, बोअरमधली कड आणि बेसप्लेटवरचा पाय तपासा, आणि टोपी पुन्हा पूर्ण कसल्यावर आउटर सीटमध्ये सरकायला मोकळा आहे याची बोअर गेजने मोजून खात्री करा.